कायदा बदलला, केस पेपर कधी बदलणार? एलजीबीटीक्यू तरुण उपचारांपासून दूर का राहतात?

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर साधारण तीन प्रश्न विचारले जातात. नाव काय? पुरुष की स्त्री? सोबत कोण आले आहे? बहुतेकांची उत्तरे दहा सेकंदांत देऊन होतात. समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्सजेंडर तरुणांना मात्र यातला प्रत्येक प्रश्न अडवू शकतो. आधार कार्डवरचे नाव वेगळे असते, दोनच रकान्यांत बसता येत नाही आणि ज्याला विश्वासाने सोबत आणावे असे घरचे माणूस नसते. मग अनेक जण दुखणे अंगावर काढतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्यानंतरही आरोग्यसेवेचे दार या तरुणांसाठी अर्धेच का उघडले आहे?

समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असणे हा आजार आहे का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत ट्रान्सजेंडर ओळखीशी संबंधित नोंदही मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेण्यात आली. हेतू असा की, वैद्यकीय मदत मिळावी, पण वेडाचा शिक्का बसू नये. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याचे जाहीर केले.

भारताचा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याबाबत स्पष्ट आहे. समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक चौकटीत एखादी व्यक्ती बसत नाही, एवढ्या कारणावरून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम १८ नुसार मानसिक उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करण्यासही मनाई आहे.

मग त्रास जास्त का आढळतो?

नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण या तरुणांमध्ये इतरांपेक्षा जास्त असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकी संशोधक इलान मेयर यांनी त्याची उकल ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ या संकल्पनेतून केली. सोप्या शब्दांत सांगायचे तर हा सतत सावध राहण्याचा ताण. फोन कोणाच्या हाती लागू नये, बोलताना ‘तो’च्या जागी ‘ती’ म्हणावे, हॉस्टेलच्या खोलीत काय बोलायचे ते आधी ठरवावे, लग्नाचा विषय निघाला की घरातून उठून जावे. एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण हे वर्षानुवर्षे, रोज चालले तर झोप, भूक, अभ्यास आणि मन या सगळ्यांवर परिणाम होतो.

यात घराचा वाटा सर्वात मोठा. अमेरिकेतील ‘फॅमिली ॲक्सेप्टन्स प्रोजेक्ट’च्या २००९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २१ ते २५ वयोगटातील तरुणांशी बोलण्यात आले. किशोरवयात कुटुंबाने तीव्रपणे झिडकारलेल्यांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण, फारसा नकार न अनुभवलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट होते. अभ्यास अमेरिकेतला आणि मर्यादित संख्येचा असला तरी त्यातला मुद्दा इथेही लागू होतो. आपल्याकडे तरुणांचा दवाखान्याचा रस्ता बहुधा घरातूनच जातो. डॉक्टर निवडणारे, फी भरणारे, विमा काढणारे आणि फाइल सांभाळणारे घरचेच असतात. जिथून ताण येतो, त्याच माणसांच्या हातात उपचारांची किल्ली असणे, हा या विषमतेचा गाभा आहे.

आकडे काय सांगतात?

जे आहेत ते गंभीर आहेत आणि जे नाहीत ते जास्त काळजीचे आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या सर्वेक्षणानुसार पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ३.३ टक्के, तर हिजडा आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींमध्ये सुमारे ३.८ टक्के आढळले. देशातील एकूण प्रौढ लोकसंख्येत ते साधारण ०.२ टक्के आहे.

२०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ व्यक्तींची नोंद झाली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची. या समूहातील साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, तर देशाची ७४ टक्के. मात्र हे आकडे फक्त ‘इतर’ असे सांगणाऱ्यांचे आहेत. समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींची मोजणी जनगणनेत होतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही लैंगिक कल विचारण्यात आला नव्हता. किती तरुणांना नैराश्याने ग्रासले आहे, किती जण उपचार अर्धवट सोडतात, याचा सरकारी आकडाच नाही. आकडा नसला की तरतूदही होत नाही.

उपलब्ध आकडे बहुतेक एचआयव्हीचे असल्याने सरकारी लक्षही तिथेच राहिले. या तरुणांना मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, पाळीच्या तक्रारी किंवा साधा ताप होतो, ही गोष्ट व्यवस्थेच्या नजरेतून निसटते.

दवाखान्यात नेमके काय अडते?

पहिली अडचण गोपनीयतेची. फॅमिली डॉक्टर वडिलांचे ओळखीचे असतात. लहान गावात तर औषधाच्या दुकानात काय घेतले, ते संध्याकाळपर्यंत घरी कळते. गुप्तरोगाची किंवा गुदद्वाराशी संबंधित तक्रार असलेला मुलगा डॉक्टरांना खरे कारण सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. तपासणी अर्धवट होते, औषध चुकीचे दिले जाते.

समलिंगी तरुणींची अडचण वेगळी. स्त्रीरोग विभागातला पहिलाच प्रश्न ‘लग्न झाले आहे का’ हा असतो. ‘नाही’ म्हटले की पुढचे प्रश्न गळून पडतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही विषाणू स्त्री-स्त्री संबंधांतूनही पसरू शकतो, तरी त्या तपासणीची गरज नाही असे गृहीत धरले जाते.

ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मतः मुलगी म्हणून नोंद झालेल्या पण स्वतःला पुरुष मानणाऱ्या व्यक्तीला, पोटात दुखत असेल तर स्त्रीरोग विभागाच्या रांगेत उभे राहावे लागते. ट्रान्स स्त्रीला दाखल करायचे तर कोणत्या वॉर्डात, यावर तिच्यासमोरच चर्चा सुरू होते. आधारवरचे जुने नाव बाहेर मोठ्याने पुकारले जाते. असा प्रसंग एकदा घडला की पुढच्या वेळी पाय दवाखान्याकडे वळत नाहीत.

यातून काही जण हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शने परस्पर, मित्रांच्या सांगण्यावरून घेतात. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, टेस्टोस्टेरॉनमुळे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाढू शकते. नियमित रक्ततपासणीशिवाय हे उपचार जोखमीचे आहेत. पण डॉक्टरांचे दार बंद वाटले की दुकान जवळचे वाटते.

अठरा वर्षांखालील मुलांचे काय?

त्यांची कोंडी सर्वात मोठी. एचआयव्ही तपासणीसाठी अल्पवयीनांना पालकांची संमती लागते. ‘पॉक्सो’ कायद्यात संमतीचे वय १८ आहे आणि कलम १९ नुसार लैंगिक संबंधांची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांच्या संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. पण तिचा दुसरा परिणाम असा की, १६-१७ वर्षांचा मुलगा शंका विचारायलाही डॉक्टरांकडे जात नाही. ट्रान्सजेंडर म्हणून ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा, तर २०१९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलांच्या वतीने तो अधिकार पालकांनाच दिला. म्हणजे तपासणी असो वा ओळखपत्र, घरी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

केंद्राच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून २०१४ पासून किशोरवयीनांसाठी वेगळे दवाखाने चालवले जातात. महाराष्ट्रात ते ‘मैत्री’ नावाने ओळखले जातात. याच कार्यक्रमासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये तयार केलेल्या ‘साथिया’ संचात समलिंगी आकर्षणात काही गैर नसल्याचा संदेश होता, तोही कलम ३७७ लागू असताना. व्यवस्था हाताशी होती आणि भाषाही सापडली होती. नंतर पाऊल मागे पडले. २०२१ मध्ये ‘एनसीईआरटी’ने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांकरिता तयार केलेली पुस्तिका आक्षेप येताच संकेतस्थळावरून हटवली.

मराठीत हा संवाद नवा नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून चालवत असलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. समलैंगिकतेबाबतच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांना दंड झाला. नव्वद वर्षांनंतरही शाळकरी मुलाला हा प्रश्न विचारायला सुरक्षित जागा सापडत नाही.

‘बरे करून देतो’ म्हणणाऱ्यांवर कारवाई होते का?

मुलाने किंवा मुलीने घरी सांगितले की काही पालक आधी बाबा-बुवा आणि नंतर डॉक्टर गाठतात. समुपदेशन, गोळ्या, संमोहन किंवा विजेचे झटके देऊन लैंगिक कल बदलण्याचा दावा म्हणजे ‘कन्व्हर्जन थेरपी’. तिला वैज्ञानिक आधार नाही आणि तिने इजाच होते. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद व्यंकटेश यांनी ७ जून २०२१ च्या आदेशात अशा उपचारांना मनाई केली आणि ते करणाऱ्यांवर परवाना रद्द करण्यापर्यंतची कारवाई करण्यास सांगितले. त्यानुसार राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना पत्र पाठवून कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

म्हणजे अशा डॉक्टरांविरुद्ध राज्याच्या वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. गोची अशी की, त्या डॉक्टरांकडे मुलाला नेणारे पालकच असतात. तक्रार करायची तर आईवडिलांनाही त्यात ओढावे लागते. शिवाय नोंदणीकृत डॉक्टर नसलेले स्वयंघोषित समुपदेशक आणि बुवा या नियमाच्या कक्षेतच येत नाहीत.

डॉक्टरांना काय शिकवले जाते?

न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत समलैंगिकता वर्षानुवर्षे विकृती आणि गुन्हा म्हणून शिकवली गेली. न्यायालयाने विचारणा केल्यावर आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये असे अपमानास्पद उल्लेख टाळण्याची सूचना लेखक आणि महाविद्यालयांना केली. तरीही ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या एमबीबीएसच्या नव्या आराखड्यात स्त्री-स्त्री संबंधांचा उल्लेख पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’मध्ये आला. टीका होताच काही दिवसांत, ५ सप्टेंबरला, तो आराखडा मागे घेण्यात आला. चूक सुधारली हे चांगलेच. पण न्यायालयाच्या निकालाला सहा वर्षे झाल्यावरही ती पुन्हा छापली गेली, यावरून जुना अभ्यासक्रम किती खोल रुजला आहे ते कळते. आज प्रॅक्टिस करणाऱ्या बहुसंख्य डॉक्टरांचे शिक्षण त्याच जुन्या पुस्तकांवर झाले आहे.

योजना आहेत, मग अडचण कुठे?

ट्रान्सजेंडर व्यक्तींबाबतच्या २०१९ च्या कायद्यातील कलम १५ ने सरकारवर शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, समुपदेशन, विमा आणि वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरआढावा अशी जबाबदारी टाकली. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ची घोषणा झाली. राष्ट्रीय पोर्टलवरून प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, असे तिचे स्वरूप. महाराष्ट्रात २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल (जीटी) रुग्णालयात ट्रान्सजेंडर रुग्णांसाठी ३० खाटांचा कक्ष सुरू झाला.

प्रमाणपत्र असेल तरच योजना, आणि कागदपत्रे बहुधा घरीच राहिलेली. घर सोडून आलेल्या तरुणासाठी पहिली पायरीच उंच आहे. मुंबईतला कक्ष गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाच्या कामाचा नाही.

दुसरा धडा निधीचा. ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांनीच चालवलेले ‘मित्र’ क्लिनिक २०२१ मध्ये हैदराबादेत सुरू झाले, पाठोपाठ कल्याण आणि पुण्यातही. एचआयव्ही तपासणीसोबत हार्मोनबाबत सल्ला आणि मानसिक आधार एकाच जागी मिळत होता, तोही ओळख समजावून सांगावी न लागता. पैसा अमेरिकेच्या मदतनिधीतून येत होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने तो गोठवला आणि तिन्ही क्लिनिक बंद पडली. हैदराबादचे केंद्र पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने ‘सबरंग’ नावाने पुन्हा उभे राहिले. वॉशिंग्टनमधल्या एका सहीने कल्याणमधली ओपीडी थांबते, याचा अर्थ ती सेवा आपल्या व्यवस्थेने कधी आपली मानलीच नव्हती.

रुग्णाचा ‘नातेवाईक’ कोण?

इथे कायदा समजापेक्षा बराच पुढे आहे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाच्या उपचारांसाठी त्याची स्वतःची संमतीच महत्त्वाची. आईने दिलेली संमती सज्ञान मुलीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १४ नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ लेखी नेमू शकते. तो रक्ताचा नातेवाईक असण्याची अट नाही. मित्र, मैत्रीण, जोडीदार कोणीही चालतो.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये न्यायालयांना बजावले की, घरच्यांनी डांबून ठेवल्याच्या प्रकरणांत व्यक्तीची ओळख किंवा कल बदलण्यासाठी समुपदेशनाचा वापर करू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली गेली, पण त्या निकालानंतर नेमलेल्या समितीच्या कामातून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवले. भेदभाव रोखा, कन्व्हर्जन थेरपी थांबवा आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्या, असे त्यात आहे. मृत्यूनंतर जोडीदाराला ओळखणारी व्यवस्था अतिदक्षता विभागाबाहेर मात्र त्याला ‘मित्र’ म्हणून थांबवते.

कोणत्या पोकळ्या अजून तशाच आहेत?

दोन ठळक आहेत. पहिली रक्तदानाची. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ट्रान्सजेंडर व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना रक्तदानासाठी कायमचे अपात्र ठरवले. २०२१ मध्ये त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीसह तपासणी होतेच. ब्रिटनने २०२१ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये ओळखीऐवजी व्यक्तीचे जोखमीचे वर्तन विचारण्याची पद्धत स्वीकारली. कॉलेजच्या शिबिरात अर्ज भरताना विद्यार्थ्याला एक तर खोटे लिहावे लागते किंवा सर्वांसमोर मागे फिरावे लागते.

दुसरी पोकळी भारतीय न्याय संहितेची. १ जुलै २०२४ पासून कलम ३७७ पूर्णपणे गेले. त्यातला संमतीच्या संबंधांचा भाग जाणे योग्यच होते, पण प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठीची तरतूदही सोबत गेली. बलात्काराचे कलम स्त्री पीडितेपुरते आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली गेली. रुग्णालयांवरील तातडीच्या मोफत उपचारांची सक्तीही बलात्कार आणि ‘पॉक्सो’च्या कलमांशी जोडलेली आहे. अशा प्रसंगानंतर एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांत सुरू व्हावे लागते. कोणते कलम लावायचे, या वादात ते तास निघून जातात.

वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

- मन खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येते.
- एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार अहवाल गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.
- असुरक्षित संबंध किंवा अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे.
- प्रौढ व्यक्तीने आपला नामनिर्देशित प्रतिनिधी आधीच लेखी नेमून ठेवावा.
- मुंबईत १९९४ पासून काम करणारी ‘हमसफर ट्रस्ट’ आणि पुण्यातील ‘समपथिक ट्रस्ट’ यांसारख्या संस्थांकडून स्नेही डॉक्टरांची माहिती मिळू शकते.
- पालकांसाठी ‘स्वीकार’ हा पालकांचाच गट आहे. एप्रिल २०२३ मध्ये या गटातील ४०० हून अधिक आईवडिलांनी मुलांच्या विवाहाच्या हक्कासाठी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते.

राज्य सरकारने काय करावे?

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. केस पेपरवर ‘हाक मारायचे नाव’ हा एक रकाना आणि लिंगाच्या रकान्यात तिसरा पर्याय, एवढे एका परिपत्रकाने होऊ शकते. प्रौढ रुग्णाने सांगितलेल्या व्यक्तीलाच ‘सोबतचा’ मानावे, हेही त्यात लिहिता येईल. ‘मैत्री’ दवाखान्यांतील समुपदेशकांना या विषयाचे प्रशिक्षण दिले, तर तालुक्याच्या ठिकाणचा मुलगा मुंबई-पुणे न गाठता बोलू शकेल. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र ओपीडी चालवायला मनोविकार, स्त्रीरोग, त्वचारोग आणि हार्मोनचे डॉक्टर एकत्र बसवावे लागतील, नवी इमारत नको. आणि कल्याण-पुण्यात बंद पडली तशी केंद्रे राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात स्वतःच्या नावाने आली पाहिजेत.

पालकांकडून लगेच सगळे समजून घेण्याची अपेक्षा करणे वास्तवाला धरून नाही, त्यांनाही वेळ लागतो. पण त्या मधल्या काळात मुलाच्या तापाला, नैराश्याला किंवा जखमेला वाट पाहायला लावता येत नाही. घरचे तयार होईपर्यंत सरकारी दवाखान्याचे दार त्याला एकट्यानेही उघडता आले पाहिजे.